पाइनच्या फळीतली वर्षं

सकाळचे ८. भिवंडीत वळ गावाजवळच्या आमच्या पॅलेटच्या शेडसमोर ट्रक लागलेला असतो. माल गांधीधामहून चिरून आलेला, झाड न्यूझीलंडचं: रेडिएटा पाइन. गाठी, चिरा, ओल बघून मी फळ्या वेगळ्या लावून घेतो.

९.३०. करवत सुरू.
"दादा, रोज काय बघता तिथं?" मदतनीस पोरगा विचारतो.
मी त्याला फळीचं कापलेलं टोक दाखवतो. फिकट पट्टा भर वाढीचा, गडद पट्टा वाढ मंदावतानाचा; दोन्ही मिळून एक वर्ष. पट्टे अरुंद झाले असतील तर पाणी कमी पडलं असेल, नाहीतर शेजारी दाटी असेल. तिकडे हे झाड साधारण २५ ते ३० वर्षांत तोडतात.

११. नेलगनचा आवाज टिपेला. चौकटी जुळवताना मनात या झाडाचं माहेर असतं. जगभर लागवड झालेल्या या पाइनची नैसर्गिक वस्ती पाचच जागी आहे: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आन्यो नुएवो, माँटेरे, केंब्रिया आणि मेक्सिकोची ग्वादालुपे व सेद्रोस बेटं. उन्हाळा तिथं कोरडा. समुद्रावरचं धुकं पानांना अडकतं, थेंब होऊन मुळाशी गळतं, त्यावर झाड तगतं. शंकू राळेनं मिटलेले असतात; वणव्याची धग लागली की उघडून जळलेल्या जमिनीवर बी टाकतात. धुकं कमी झालं, दुष्काळ लांबले, तर उभ्या झाडाला जागा सोडता येत नाही. बदल होईल तो पुढच्या पिढीत, आणि त्यासाठी बियाण्यात वेगळेपण हवं. न्यूझीलंडची लागवड मुख्यतः आन्यो नुएवो आणि माँटेरेच्या वंशाची. १९७८ मध्ये पाचही ठिकाणचं बी गोळा करून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये लावलं गेलं, हे फार मोलाचं काम झालं. सेद्रोससारख्या रखरखीत बेटावर टिकलेल्या झाडांचे गुण उद्या उपयोगी पडू शकतात.

दुपारी १. डबा.

२. निर्यातीचे पॅलेट चेंबरमध्ये. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं, मगच शिक्का. लाकडातली कीड दुसऱ्या देशातल्या जंगलात पोचू नये म्हणून हे करायचं. दुष्काळानं खचलेल्या झाडाला कीड लवकर खाते, म्हणून मी यात एक मिनिटही कमी होऊ देत नाही.

५. ग्वादालुपेची गोष्ट मी पोराला सांगतो. बकऱ्या पाइनची कोवळी रोपं खात होत्या. उरली ती म्हातारी झाडं. कुंपण घातलं, मग बकऱ्या हटवल्या, आणि रोपं पुन्हा उगवली.
"मग आता जंगल वाढेल?"
"धुकं येत राहिलं तर वाढेल."

६.३०. मानकोलीच्या गोदामाची गाडी भरतो. परत आलेल्या मोडक्या पॅलेटचे खिळे उपसून चांगल्या फळ्या उद्यासाठी बाजूला.