गोळी सुटल्यानंतरचा घोडा

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातली खरी गंमत गोळी सुटताना घडत नाही, सुटल्यावर घडते. धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते, जाताजाता घोडा मागे ताणून ठेवते आणि परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारते. म्हणजे चकमक संपली, समोरच्याने हात वर केले, तरी पिस्तूल पुढच्या गोळीला तयारच! चापावर जरासा दाब पुरे. आता या ताणलेल्या स्प्रिंगचं करायचं काय? शस्त्रकारांमध्ये इथे दोन पंथ पडले. एक म्हणतो, घोडा आहे तिथेच अडवा. ती मॅन्युअल सेफ्टी. दुसरा म्हणतो, त्याला सुखरूप खाली उतरवा, तो डिकॉकर.

दिल्लीत पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला वर्षानुवर्षं दिसत आलेलं 9 एमएमचं पिस्तूल पहिल्या पंथाचं. ते बनतं पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. आराखडा मात्र ब्राउनिंग हाय-पॉवरचा. जॉन ब्राउनिंगने तो सुरू केला, 1926 मध्ये बेल्जियममध्ये तो वारला आणि त्याचा सहकारी सेव्ह याने 1935 पर्यंत काम तडीस नेलं. अंगठ्याने छोटी कळ वर सारली की घोड्याला धरून ठेवणारी खीळ जखडली जाते, स्लाइडही हलत नाही. घोडा मागे तसाच ताणलेला दिसतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण चाप दाबूनही काही होत नाही.

ही अंगठ्याची कळ ब्राउनिंगच्या प्रसिद्ध 1911 पिस्तुलावर आली ती चक्क घोडेस्वारांमुळे. अमेरिकी घोडदळाचं म्हणणं होतं, एका हातात लगाम असताना दुसऱ्या हातातलं भरलेलं पिस्तूल निर्धोक करता आलं पाहिजे. चौखूर उधळलेल्या जनावरावर बसून ताणलेला घोडा अंगठ्याने धरायचा, चाप दाबायचा आणि घोडा अलगद खाली आणायचा, ही कसरत कोण करणार? घामट अंगठा निसटला की गोळी सुटलीच.

डिकॉकर नेमकी हीच कसरत यंत्राकडून करून घेतो. जर्मन वॉल्थर पीपी (1929) मध्ये कळ खाली फिरवली की आधी फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, आड होते आणि मगच घोडा सुटतो. खटकन आवाज होतो, नवखा दचकतो, पण घोडा आदळतो तो नुसत्या पोलादावर. 1975 च्या सिग पी220 मधली युक्ती मला त्याहून देखणी वाटते. तिथे फायरिंग पिनला अडवणारा खटका फक्त चाप दाबल्यावर उठतो. डिकॉकरची कळ चापाला स्पर्शही न करता घोडा सोडते, त्यामुळे पिन अडलेलीच राहते आणि घोडा वाटेतल्या खाचेत विसावतो.

याची किंमत पहिल्या गोळीला मोजावी लागते. उतरलेला घोडा चापानेच पुन्हा ताणायचा, म्हणजे साधारण साडेचार किलोंचा दाब; दुसऱ्या गोळीपासून दोनेक किलोंत काम. एकाच पिस्तुलाचे दोन चाप असल्यासारखं बोटाला वाटतं. सेफ्टीवाल्यांचा चाप दरवेळी सारखाच, पण ऐन वेळी कळ उघडायची आठवण राहिली पाहिजे. त्यात दिशांचा घोळ: हाय-पॉवरची कळ खाली केली की पिस्तूल मोकळं, तर बेरेटा 92 च्या स्लाइडवरची वर केली की. एकावर सराव झालेल्या अंगठ्याला दुसरं देणं म्हणजे संकटाला आमंत्रणच. हेकलर अँड कॉखच्या यूएसपीने एकाच कळीत सगळं बसवलं: वर सेफ्टी, मध्ये मोकळं, खाली दाबली की डिकॉक.

दिल्लीबाहेर मानेसरला तळ असलेल्या एनएसजीच्या कमांडोंकडचं ग्लॉक 17 या वादातच पडत नाही. बाहेर ना घोडा, ना सेफ्टीची कळ, ना डिकॉकर. आतली स्प्रिंग अर्धवटच ताणलेली असते, उरलेला ताण चापच देतो. चापाच्या पात्यातली बारीक पट्टी आधी दबल्याशिवाय चाप मागे येत नाही.

आणि दिल्लीतल्या तुघलकाबादच्या कर्णी सिंग शूटिंग रेंजवर सुरक्षेचं काय? 1982 च्या एशियाडसाठी ती उभारली गेली. मार्च 2021 च्या विश्वचषकात कोल्हापूरच्या राही सरनोबतने इथेच 25 मीटर पिस्तुलात रौप्य मिळवलं. सुवर्ण चिंकी यादवने शूट-ऑफमध्ये नेलं. या प्रकारात चापाचं वजन किमान एक किलो हवं आणि जलद फेरीत प्रत्येक गोळीला मिळतात तीन सेकंद. इथे भरवसा कळीवर ठेवत नाहीत. मॅगझिन बाहेर, नळीचं तोंड मागून उघडं आणि चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. तो दिसला की पंचाला लांबूनही खात्री पटते: आत काडतूस नाही.