आपल्या पंपाची राख कुठे पडते?



मागच्या बैठकीत गटासाठी पिठाची गिरणी घ्यायचं चाललं होतं. एका ताईनं विचारलं, "गिरणी घेऊ, पण ही वीज येते तरी कुठून?" आज तेच समजून घेऊ.

शेगावहून रेल्वेनं अकोल्याकडे निघालं की वाटेत पारस लागतं. तिथं २५० मेगावॅटचे दोन संच असलेलं वीज केंद्र आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेनं चक्र फिरवायचं, की वीज तयार होते. आपल्या देशातल्या दर १०० युनिटांपैकी साधारण ७० युनिटं अशी कोळशावरच होतात. घरोघरी कूलर, फ्रिज आले, शेतात पंप वाढले, तसा कोळसाही जास्त लागतो.

एका युनिटाला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ५ एचपीचा पंप तासाला जवळपास ४ युनिटं घेतो. म्हणजे चार तास ओलीत केलं, तर अकरा किलो कोळसा जळतो आणि चारेक किलो राख उरते. आपल्याकडच्या कोळशात राखच फार!

ही राख आपल्या अंगणात पडत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. केंद्राजवळच्या बायांना मात्र ती वाळवणावर, कपड्यांवर दिसते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा पावसात फुटला आणि राखेचा गाळ शेतांत शिरला. धुरानं छातीचे आजार वाढतात. त्यातल्या कार्बन वायूनं हवामान तापतं, आणि तो ताप आपल्या सोयाबीन-कपाशीलाही भोगावा लागतो.

मग केंद्रं आजच बंद करायची का? तसं केलं तर दिवे लागल्यावर गाव अंधारात बसेल. सूर्याची वीज दिवसा मिळते. ती साठवायची सोय अजून थोडी आहे. पण म्हणूनच दिवसाचं काम दिवसा करणं आपल्या हाती आहे. गिरणी आली की दळण दुपारी ठेवू. ज्यांच्या शेतात वीजजोडणी नाही, त्यांनी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेची चौकशी करावी. त्यात शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्केच रक्कम भरावी लागते. शिवाय रात्री साप-विंचवाच्या भीतीनं ओलिताला जाणंही वाचतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं वीजबिल घेऊन या. महिन्याची युनिटं मोजू, आणि आपल्या घरामागं किती राख पडते ते वहीत लिहू.