कात्री, छाया आणि रंग

जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या आणि ते काटकोनात कापा, सुताराच्या गुण्यासारखे. एकावर एक उलटसुलट ठेवले की मध्ये चौकट तयार होते आणि सरकवाल तशी ती लहानमोठी होते. आता घरातला लग्नाचा एखादा जुना फोटो काढा व ही चौकट त्यावर फिरवून पाहा. सगळा मांडव दिसतो तेव्हा तो एका समारंभाचा फोटो असतो. चौकट आवळून नवरानवरीवर आणलीत की तो दोघांचा होतो. आणि कोपऱ्यात पदराने डोळे टिपणाऱ्या वधूमातेवर नेलीत तर? कागद तोच, पण गोष्ट पार निराळी!

फोटो काढला की काम संपले, असे आपण समजतो. खरे म्हणजे निम्मे काम तेथून पुढे सुरू होते. काय कापायचे, कोठे उजेड ठेवायचा, कोणता रंग द्यायचा हे सारे मागाहून ठरते, आणि ते ठरवणारा माणूस आपल्याला दिसत नाही.

चे गेव्हाराचा तो प्रसिद्ध चेहरा आपण पाहिला असेलच. टोपीवर तारा, नजर दूर कोठे तरी लागलेली. ५ मार्च १९६० रोजी क्यूबातल्या हवाना शहरी आल्बेर्तो कोर्दा याने तो टिपला. आदल्या दिवशी बंदरात ‘ला कूब्र’ नावाच्या जहाजावर मोठा स्फोट झाला होता आणि त्यात मेलेल्यांसाठी शोकसभा भरली होती. गेव्हारा क्षणभर व्यासपीठाच्या कडेशी आला, तेवढ्यात कोर्दाने साधून घेतले. मूळ फोटो आडवा आहे. त्यात एका बाजूला ताडाच्या झावळ्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचा चेहरा कडेने दिसतो. कोर्दाने दोन्ही बाजू छाटल्या. मग सभा गेली, हवाना गेले, दिवसही गेला. उरला तो फक्त एक चेहरा. त्या वेळी वृत्तपत्राने हा फोटो छापलाही नाही. पुढे १९६८ साली आयर्लंडचा चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक याने त्यातल्या मधल्या करड्या छटा काढून टाकल्या आणि तांबडा व काळा एवढ्या दोन रंगांत भित्तिचित्र केले. तारा तेवढा पिवळा. ते चित्र जगभर गेले. आता सांगा, शोकसभेत उभ्या असलेल्या माणसाचा फोटो तो हाच का?

आणि बरं का, ज्याला कात्रीने कापले तो काही वाटेवरचा माणूस नव्हता. तो अर्जेंटिनाचा पत्रकार होर्हे मासेत्ती. १९६४ साली आपल्याच देशातल्या साल्ता प्रांताच्या जंगलात बंडखोर तुकडी घेऊन गेलेला हा गृहस्थ तिथेच नाहीसा झाला. फोटोतून मात्र तो आधीच गेला होता.

कात्री न लावताही फोटो बदलतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये हर्नांडेझ नावाचे खेडे आहे. १९४१ च्या नोव्हेंबरात अन्सेल अॅडम्स तेथून मोटारीने चालला होता. डोंगरावर चंद्र वर आलेला, आणि खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचे ऊन. घाईत प्रकाश मोजायचे यंत्र सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता त्यावरून त्याने हिशेब केला. दुसरा फोटो घेण्यापूर्वी ऊन गेले. म्हणजे निगेटिव्ह एकच! (अॅडम्सला त्याचे सालही नीट आठवत नसे, खगोलशास्त्रज्ञांनी पुढे चंद्राच्या जागेवरून तारीख काढून दिली.) या एका निगेटिव्हवरून त्याने हजाराहून अधिक प्रती केल्या, त्याही वर्षानुवर्षे. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरच्या उजेडाखाली कुठे हात आडवा धरायचा, कुठे उजेड अधिक वेळ पडू द्यायचा, असे करून तो प्रत तयार करी. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे आहे, ढगांच्या रेघा दिसतात. नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळे झाले आहे. अॅडम्स मूळचा पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेले स्वर आणि प्रत म्हणजे मैफल, असे तो मानी. आपल्याकडेही चीज तीच असते, पण गवई तिशीत गातो वेगळी अन् साठीत गातो वेगळी. ऊन असताना आकाश इतके काळे नसते हे उघड आहे, पण मला तरी त्यात फसवणूक वाटत नाही.

पण नेमके हेच हत्यार १९९४ च्या जून महिन्यात दुसऱ्या कामी लागले. ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूवर आपली घटस्फोटित पत्नी व तिचा मित्र यांच्या खुनाचा आरोप आला. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर घातला. ‘न्यूजवीक’ने होता तसा छापला. ‘टाइम’च्या चित्रकाराने चेहरा काळवंडून टाकला व कडांना अंधार आणला. दोन्ही अंक दुकानांत शेजारी शेजारी टांगलेले, त्यामुळे फरक डोळ्यांत भरला. खटला उभा राहण्यापूर्वीच काळ्या माणसाला अधिक काळे करून गुन्हेगार ठरवता काय, असा गहजब झाला, आणि पुढच्या अंकात संपादकांना खुलासा करावा लागला. १९९५ मध्ये ज्यूरीने सिम्पसनला निर्दोष सोडले. तो खरोखर कसा होता हा वाद मी येथे काढत नाही. अॅडम्सच्या आकाशाने कोणाच्या गळ्याला फास लागत नव्हता, इतकेच.

आपल्याकडे उलट तऱ्हा. रंगीत फिल्म सर्रास मिळू लागण्यापूर्वी स्टुडिओतले कारागीर काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरीत. गालाला गुलाबी, शालूला हिरवा, काठाला सोनेरी. त्यात हौस होती, आणि ती फोटोत उघड दिसेही. आता मोबाइलवर बोट फिरवले की चेहरा उजळतो आणि कळतही नाही. स्थळाला पाठवायच्या फोटोत सावळी मुलगी गोरी होते. मग पाहुणे घरी येतात, एकदा तिच्याकडे नि एकदा फोटोकडे बघतात, आणि चहाचा कप हातात धरलेल्या त्या मुलीने काय करावे? म्हणून फोटो काढायला जाल तेव्हा आधीच सांगा, ‘कपाळावरची पुटकुळी काढलीस तरी चालेल, ती आठ दिवसांत जाणारच आहे. रंग मात्र आहे तसा ठेव.’