बालीच्या आधी जकार्ता

जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात अंड्याच्या आकाराचा एक मोठा दगड आहे. त्यावर पल्लव लिपीत संस्कृत श्लोक कोरलेले आहेत. पाचव्या शतकात या मुलखावर तारुमानगर राज्याचा राजा पूर्णवर्मा राज्य करत होता. कारकिर्दीच्या बाविसाव्या वर्षी त्याने गोमती नावाचा कालवा अवघ्या एकवीस दिवसांत खोदवून घेतला आणि काम पुरं झाल्यावर ब्राह्मणांना हजार गायी दान दिल्या, अशी नोंद त्यावर सापडते. याच लेखात आणखी एका प्रवाहाचं नाव येतं, चंद्रभागा. पंढरपूरशी जोडलेलं हे नाव पंधराशे वर्षांपूर्वी जावा बेटावरही नांदत होतं, हे कळल्यावर मराठी पाहुणा त्या दगडापाशी रेंगाळणारच.

भारतातून इंडोनेशियाला जाणाऱ्या बहुतेकांना बाली हवं असतं. त्यांच्या लेखी जकार्ता म्हणजे विमान बदलण्याची जागा. वाहतूककोंडी, दमट हवा, एक कोटीहून जास्त वस्ती आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते एवढीच या शहराची ख्याती त्यांच्या कानावर आलेली असते. ती खोटी नाही. पण हजारो बेटांचा आणि शेकडो भाषांचा हा देश एक कसा झाला, हे पाहायचं असेल तर त्यासाठी जकार्ताइतकी चांगली जागा दुसरी नाही. इथली जवळजवळ प्रत्येक प्रेक्षणीय जागा त्या कहाणीचा एकेक भाग सांगते.

सुरुवात बंदरापासून करावी. सुंदा केलापा हे जकार्ताचं मूळ. जावाच्या पश्चिम भागातल्या सुंदा या हिंदू राज्याचं हे बंदर मिऱ्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होतं. १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेणाऱ्या पोर्तुगिजांनी १५२२ मध्ये सुंदाच्या राजाशी करार केला आणि त्याची खूण म्हणून इथे एक दगडी स्तंभ रोवला. १९१८ मध्ये खोदकामात सापडलेला तो स्तंभही आज राष्ट्रीय संग्रहालयातच आहे. करारानंतर पाचच वर्षांनी फताहिल्ला या सेनापतीने बंदर जिंकलं आणि त्याचं नाव जयकर्ता ठेवलं. त्या विजयाची आठवण म्हणून २२ जून हा दिवस शहराचा वाढदिवस मानला जातो. पुढे १६१९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरझोन कून याने जयकर्ता जाळून उद्ध्वस्त केलं आणि त्या जागी बटाव्हिया वसवलं.

आजही सुंदा केलापाच्या धक्क्यावर पिनिसी नावाची उंच नाळेची लाकडी जहाजं ओळीने उभी असतात. सिमेंट, लाकूड, घरगुती सामान असा माल लादून ती दूरच्या बेटांकडे निघतात. दक्षिण सुलावेसीतल्या कारागिरांची ही जहाजबांधणी २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. जवळच डचांची मसाल्याची जुनी गोदामं आहेत, तिथे आता सागरी संग्रहालय आहे. त्याच्या शेजारी १८३९ मधला बंदराचा टेहळणी मनोरा किंचित कललेला दिसतो.

तिथून थोड्या अंतरावर कोटा तुआ, म्हणजे जुनं शहर. फताहिल्ला चौकात राज्य सायकलींचं असतं. गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगांच्या जुन्या धाटणीच्या सायकली आणि त्यांच्यासोबत त्याच रंगाच्या टोप्या भाड्याने मिळतात, आणि संध्याकाळी सगळा चौक त्यांनी भरून जातो. चौकाच्या एका बाजूला १७१० मध्ये पुरी झालेली डचांची नगरपालिकेची इमारत आहे. आता तिथे जकार्ता इतिहास संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर कोरीवकामाची अवजड कपाटं आणि मोठाले दिवाणखाने आहेत, तर तळघरात ताठ उभंही राहता येणार नाही अशा बुटक्या कोठड्या. डचांविरुद्ध पाच वर्षं लढलेला जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो १८३० मध्ये पकडला गेला, तेव्हा हद्दपारीआधी त्याला याच इमारतीत ठेवलं होतं.

याच चौकात वायांग संग्रहालय आहे आणि मराठी माणसाने ते मुळीच चुकवू नये. वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या, नाजूक जाळीकाम केलेल्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. दालांग हा एकटा सूत्रधार रात्रभर सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, गोष्ट सांगतो आणि मागे बसलेल्या गामेलान वादकांनाही इशारे देतो. गोष्टी बहुतेक रामायण-महाभारतातल्या असतात. इथला घटोत्कच तर उडणारा महावीर म्हणून मुलांचा लाडका आहे. सेमार आणि त्याची मुलं गारेंग, पेत्रुक व बागोंग ही चौकडी मात्र व्यासांच्या महाभारतात सापडणार नाही. पांडवांची सेवा करणारी, त्यांना हसतहसत चार खऱ्या गोष्टी सुनावणारी ही पात्रं जावाने स्वतः घडवली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इथल्या काचेच्या कपाटांत ओळखीचे चेहरे भेटतील.

जुनं शहर इथे आणि आजचं सत्ताकेंद्र पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला, असं का? याचं उत्तर डासांत आहे. डचांनी मायदेशाच्या धर्तीवर बटाव्हियात कालवे खणले. ते गाळाने भरले. किनाऱ्यालगत मत्स्यतळी वाढली आणि अठराव्या शतकात मलेरियाने या शहराला युरोपियांचं स्मशान करून टाकलं. कॅप्टन जेम्स कूकचं ‘एंडेव्हर’ जहाज १७७० मध्ये दुरुस्तीसाठी इथे आलं, तेव्हा सफरीत तोवर धडधाकट राहिलेले त्याचे खलाशी इथल्या तापाने आणि हगवणीने पटापट मेले. ज्या ओनरुस्त बेटावर ती दुरुस्ती झाली, ते आजही बोटीने जाऊन पाहता येतं. अखेर १८०८ नंतर गव्हर्नर जनरल डान्डेल्सने कारभार दक्षिणेकडच्या उंच, मोकळ्या जागी हलवला. आजचा मर्देका चौक त्याच भागात आहे.

जुनं शहर आणि मर्देका चौक यांच्या मधल्या वाटेवर ग्लोडोक ही चिनी वस्ती लागते. १७४० मध्ये बटाव्हियात चिनी रहिवाशांची भीषण कत्तल झाली आणि वाचलेल्यांना तटबंदीबाहेर या जागी वसवण्यात आलं. १९९८ च्या दंगलीतही ग्लोडोक जळलं. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात चिनी सण उघड्यावर साजरे करायला बंदी होती. ती राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० मध्ये उठवली आणि २००३ पासून चिनी नववर्षाला राष्ट्रीय सुट्टी मिळू लागली. आज पेताक सेंबिलानच्या गल्लीत औषधी मुळ्या, लाल कंदील, जिवंत मासे आणि उदबत्त्यांचा धूर यांतून वाट काढत सतराव्या शतकातल्या जिन दे युआन मंदिरापर्यंत जाता येतं.

मर्देका चौकात शिरलं की देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांचं जकार्ता सुरू होतं. मधोमध १३२ मीटर उंच राष्ट्रीय स्मारक उभं आहे, त्याला सगळे मोनास म्हणतात. त्याची रचना लिंग आणि योनी या प्राचीन प्रतीकांवरून बेतलेली असून शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेली ज्योत आहे. स्मारकाच्या मापांत १७, ८ आणि ४५ हे आकडे गुंफले आहेत, कारण १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि त्यांचे सहकारी हात्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. दुसऱ्या महायुद्धात जपानने हुसकावलेले डच मात्र परत आले आणि लढा आणखी चार वर्षं चालला. त्या धामधुमीत १९४७ मध्ये नेहरूंच्या सांगण्यावरून बिजू पटनायक स्वतः विमान घेऊन जावाला गेले आणि नेते सुतान शाहरिर यांना बाहेर काढून भारतात घेऊन आले. पुढे १९५० मध्ये भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते सुकार्नो.

चौकाच्या ईशान्येला इस्तिकलाल मशीद आहे, आग्नेय आशियातली सर्वांत मोठी. पंचेचाळीस मीटर व्यासाचा तिचा घुमट बारा खांबांवर उभा आहे. १९५५ च्या स्पर्धेत जो आराखडा निवडला गेला, तो फ्रेडरिक सिलाबान या ख्रिस्ती वास्तुकाराचा होता. सुकार्नोंनी जागाही १९०१ मधल्या कॅथलिक कॅथेड्रलच्या थेट समोरची निवडली. ईदला कॅथेड्रलचं आवार मशिदीत येणाऱ्यांच्या गाड्यांना खुलं असतं आणि नाताळला मशिदीचं आवार चर्चमध्ये येणाऱ्यांना. आता या दोन वास्तूंना जोडणारा भुयारी मार्गही आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस आणि मशिदीचे मुख्य इमाम यांची तिथे भेट झाली. सर्व धर्मांच्या पाहुण्यांना मशीद आतून दाखवली जाते. अंगभर कपडे असले म्हणजे झालं, नसतील तर झगा तिथेच मिळतो.

चौकाच्या नैऋत्य कोपऱ्यावर भर रहदारीत अर्जुनाचा रथ धावतो. १९८७ मध्ये उभारलेल्या या शिल्पात सारथ्य अर्थातच कृष्णाकडे आहे. ते घडवणारे बालीचे शिल्पकार न्योमान नुआर्ता यांनीच पुढे बालीतली गरुडारूढ विष्णूची प्रचंड मूर्ती साकारली. राष्ट्रीय संग्रहालयही इथून चालत जाण्याच्या अंतरावर. सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांनी १८७१ च्या भेटीनंतर दिलेला कांस्याचा हत्ती दारात उभा असल्याने लोक त्याला ‘हत्तीघर’ म्हणूनच ओळखतात. सप्टेंबर २०२३ मध्ये संग्रहालयाला आग लागली. वर्षभराच्या दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. सुमात्रात सापडलेली चार मीटरहून उंच भैरवमूर्ती आणि तेराव्या शतकातली प्रज्ञापारमिता यांच्यासाठी इथे अर्धा दिवस सहज राखून ठेवावा.

पूर्णवर्म्याचा तो शिलालेख ज्या तुगु गावात सापडला, ते आता उत्तर जकार्ताचा भाग आहे. तिथे एक वेगळाच समाज राहतो. भारताच्या किनाऱ्यावरच्या आणि बंगालमधल्या पोर्तुगीज ठाण्यांतून डचांनी पकडून आणलेल्या गुलामांना प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यावर मुक्त केलं गेलं. त्यांचे हे वंशज. पोर्तुगीजमिश्रित बोली त्यांनी विसाव्या शतकापर्यंत टिकवली आणि लहानशा गिटारसारख्या वाद्यावर वाजणारं त्यांचं क्रोंचोंग संगीत पुढे साऱ्या इंडोनेशियाचं झालं.

मुलं सोबत असतील तर पूर्व जकार्तातल्या तामान मिनीला एक दिवस द्यावा. सुहार्तोंच्या पत्नी तिएन यांच्या कल्पनेतून १९७५ मध्ये खुल्या झालेल्या या सुमारे दीडशे हेक्टरच्या उद्यानात प्रांतोप्रांतीची घरं मूळ आकारात बांधली आहेत. शिंगांसारख्या टोकदार छपरांचं मिनांगकाबाउ घर, होडीसारख्या छताचं तोराजा घर, पापुआची गवती झोपडी असं सगळं एका फेरीत दिसतं. मधल्या तळ्यात देशाचा नकाशाच बेटांच्या रूपात मांडला आहे, तो रोपवेतून पाहावा.

शहराबाहेरच्या जागांत पहिला मान बोगोरचा. जकार्ता कोटा स्थानकातून सुटणारी लोकल साधारण दीड तासात बोगोरला पोहोचते. डोंगरपायथ्याचं हे गाव पावसाचं शहर म्हणून ओळखलं जातं. १८१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रेनवार्ट यांनी स्थापन केलेलं इथलं वनस्पती उद्यान ८७ हेक्टरांवर पसरलं आहे. १८४८ मध्ये आफ्रिकी तेलमाडाची चार रोपं इथे लावली गेली. त्यांच्या वंशजांतून सुमात्रातल्या आणि पुढे मलेशियातल्या अफाट बागा उभ्या राहिल्या. आज भारत जगात सर्वाधिक पामतेल आयात करतो, म्हणजे आपल्या फरसाणाच्या कढईचा एक धागा या बागेपर्यंत पोहोचतो. शेजारच्या राजवाड्याच्या हिरवळीवर भारतीय उपखंडातून आणलेल्या चितळांचे कळप चरताना दिसतात. गाडी असेल तर पश्चिमेकडचं चिआरुतेउनही गाठावं. तिथल्या शिळेवर पूर्णवर्म्याची पावलं उमटवली असून लेखात त्यांना विष्णूच्या पावलांची उपमा दिली आहे.

समुद्राची हौस असणाऱ्यांसाठी पुलाउ सेरिबु आहे. नाव ‘हजार बेटं’ असलं तरी प्रत्यक्षात बेटं शंभराच्या आसपास आहेत. आंचोलच्या धक्क्यावरून सकाळी वेगवान बोटी सुटतात. जवळच्या बेटांवर जुने किल्ले आहेत, तर लांबच्या बेटांभोवती प्रवाळ आणि स्वच्छ पाणी.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारींनी थोडी चौकशी करावी. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी घातलेलं गाडो-गाडो आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे सगळीकडे मिळतं, पण चटण्यांत बारीक कोळंबी आंबवून केलेली तेरासी असू शकते. मासे-मटण खाणाऱ्यांनी नारळाच्या दुधातलं सोतो बेतावी हे सूप चुकवू नये. आणि केराक तेलोर तर समोर उभं राहून करून घ्यावं. चिकट तांदूळ, अंडं, भाजलेलं खोबरं आणि सोडे यांची ही भाकरी कढईच उपडी करून निखाऱ्यांवर भाजतात.

जकार्ताला जायचं तर फार लांबणीवर टाकू नये. भूगर्भातलं पाणी बेसुमार उपसल्याने शहर खचत आहे. सुमारे ४० टक्के भाग समुद्रसपाटीच्या खाली गेल्याचं सांगितलं जातं आणि धोका सर्वाधिक आहे तो उत्तर किनाऱ्याला, जिथे जुनं बंदर आणि जुनं शहर आहे. राजधानी बोर्निओ बेटावरच्या नुसंतारा इथे नेण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला, त्यामागे हेही एक कारण होतं. दुसरीकडे शहराची वाहतूक मात्र सुधारत आहे. २०१९ मध्ये मेट्रो आली, ट्रान्सजकार्ताच्या बसना वेगळी मार्गिका आहे आणि २०२३ पासून बांडुंगला जाणारी वेगवान रेल्वे १४२ किलोमीटर अंतर पाऊण तासात कापते. त्याच वर्षी मुंबईहून इंडिगोची थेट विमानसेवाही सुरू झाली.

बालीच्या सहलीला तीन दिवस जोडता आले तर पहिला दिवस बंदर, जुनं शहर आणि ग्लोडोकला द्यावा, दुसरा मर्देका चौक, मशीद आणि संग्रहालयाला, तिसरा बोगोरला. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. मे ते सप्टेंबर हा काळ कोरडा. रविवारची सकाळ हाती आली तर सुदिरमान-तामरिन रस्त्यावर जावं. तेव्हा तिथे मोटारींना बंदी असते आणि चालायला, सायकल चालवायला, नाश्ता करायला हजारो जकार्तावासी घराबाहेर पडलेले असतात.