आधी उजेड पाहा, मग दुर्बीण

ऑनलाइन बाजारात ‘दुर्बीण’ एवढंच लिहून शोधलं की एक ठरावीक माल समोर येतो. खोक्यावर ‘१८०×१००’ असा आकडा, लालभडक भिंगं आणि ‘डे अँड नाईट’ अशी ग्वाही. यातलं काहीही खरं नसतं. तळहातावर मावणाऱ्या दुर्बिणीचं पुढचं भिंग १०० मिलिमीटरचं असूच शकत नाही. १८० पट मोठं झालेलं चित्र हातात धरून स्थिर पाहणं माणसाला शक्य नाही, आणि रात्री पाहण्याची कुठलीही यंत्रणा त्या नळ्यांत बसवलेली नसते. लाल भिंगं तर लाल प्रकाश बाहेरच परतवून लावतात, म्हणजे आत जाणारा उजेड उलट कमीच होतो.

खरे आकडे साधे असतात: ८×४२, १०×४२, ८×३२, १०×२५. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ भासेल ते सांगतो. ८×४२ मधून ८० मीटरवरचा खंड्या १० मीटरवर बसल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. घेणारा पहिल्या आकड्यावर भाळतो आणि दुकानदारही तोच पुढे करतो. मला विचाराल तर दोन्हींचा भागाकार करा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. मागच्या भिंगातून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटर रुंद आहे, असा त्याचा अर्थ. दुर्बीण हातभर लांब धरून खिडकीकडे रोखा, मागच्या भिंगात एक उजळ ठिपका दिसेल, तोच हा.

आता हा ठिपका डोळ्याच्या बाहुलीशी ताडून पाहायचा. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आक्रसते. काळोखात तरुण माणसाची बाहुली सातच्या आसपास फाकते. वय वाढेल तशी ती कमी फाकते, साठीच्या पुढे पाचच्या आसपासच. १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण अडीच मिलिमीटरचा झोत देते. दुपारी तेवढा पुरतो, संध्याकाळी डोळा उपाशी राहतो. उलट ७×५० मधून सात मिलिमीटरचा झोत येतो, पण साठीच्या डोळ्याला त्यातला बराच वाया जातो आणि गळ्यातलं वजन तेवढं वाढतं. म्हणून दुर्बीण घेण्याआधी स्वतःला विचारायचं, की मी बघणार कुठे आणि किती वाजता?

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांपुढे या प्रश्नाची उत्तरं अगदी घराजवळ आहेत. पूर्वेला खाडी, मधोमध डोंगर आणि जंगल. मुलुंड-भांडुपचा माणूस रिक्षाने दोन्हीकडे जाऊ शकतो.

आधी खाडी. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे रोहित म्हणजेच फ्लेमिंगो असतात, थोरले आणि धाकटे. दोन्ही गुलाबी. थोरल्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते, तर धाकट्याची चोच अख्खी गडद किरमिजी. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, आठ पट दुर्बिणीला कळतो. इथे उजेड मुबलक, त्यामुळे ८×३२ सुद्धा चालते. अडचण येते ती अंतराची आणि हवेची. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर दूरदूर पांगतात. ऊन चढलं की तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते. मग दहा पट असो की वीस पट, ती थरथरच मोठी होऊन दिसते. कितीही पैसे मोजलेत तरी यावर इलाज नाही. सकाळी लवकर जा आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. पाणी चढत असताना तुतवार, शेकाटे यांसारखे चिखलातले पक्षी काठाकडे सरकत येतात. ऐरोलीहून निघणाऱ्या बोटीही भरतीच्या वेळेवरच सुटतात. बोटीत तर दहा पट मुळीच नको. हाताचा कंपही दहा पट होतो, त्यात इंजिनाची भर.

खाडी असो की जंगल, दुर्बीण डोळ्यांना बसवणं हे पहिल्याच दिवशी करायचं काम आहे, आणि कित्येक जण ते वर्षानुवर्षं करत नाहीत. दोन्ही नळ्या बिजागरीवर हलवून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेपर्यंत जवळ-लांब करा. मग उजवं पुढचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्वच्छ दिसेपर्यंत आणा. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, आणि उजव्या नळीवरची छोटी कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. ती कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. ती तुमच्या दोन डोळ्यांच्या नंबरांमधली तफावत आहे. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर मागचे रबरी कप आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. चष्मेवाल्यांनी घेताना आणखी एक बघायचं: डोळा भिंगापासून किती मागे ठेवून पूर्ण चित्र दिसतं. हे अंतर १५-१६ मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्म्यातून कडा कापली जाते आणि दुर्बीण म्हणजे कुलपाच्या भोकातून बघणं होतं.

पक्षी सापडत नाही अशी नव्या माणसाची तक्रार असते. कारण तो दुर्बीण लावतो आणि मग शोधतो. शोध उघड्या डोळ्यांनीच घ्यायचा. पक्ष्यावरची नजर न हलवता, मान न वळवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची, कोपरं छातीशी टेकलेली. दोन-चार रविवार कावळ्यांवर सराव केलात की पुरे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरलात की सगळे हिशेब बदलतात. कान्हेरीच्या वाटेवर सकाळी आठला वर ऊन असतं, झाडाखाली मात्र सावलीची सायंकाळच. पावसाळ्यात पानं दाट झाली की आणखी अंधार. इथे ४२ मिलिमीटरचं भिंग आपली किंमत वसूल करतं. इथे आठ पट घ्यावं असं मी दुसऱ्याही कारणासाठी म्हणतो: दृश्याची रुंदी. चांगल्या ८×४२ मधून १,००० मीटरवर सुमारे १३० मीटरचा पट्टा दिसतो, दहा पटीतून तो बऱ्यापैकी अरुंद होतो. फांद्यांतून उड्या मारणारा पक्षी अरुंद चित्रात टिकत नाही. झूम असलेल्या दुर्बिणींत तर हा पट्टा आणखी आवळलेला असतो, त्या सरळ टाळा. फुलपाखरांची आवड असेल तर दुर्बीण किती जवळचं स्पष्ट दाखवते तेही विचारा. गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, म्हणजे बीएनएचएसचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथल्या झुडपांवरचं फुलपाखरू दोन मीटरवर बसतं. पुष्कळ स्वस्त दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आतलं धूसर दाखवतात.

आतल्या लोलकांची रचना दोन प्रकारची. पोरो लोलकांची दुर्बीण खांद्यांवर फुगीर दिसते, रूफ लोलकांची सरळ नळीसारखी. कमी पैशांत पोरो चांगलं चित्र देते, कारण ती बनवायला सोपी. रूफ सुटसुटीत आणि पाण्यापासून बंद करायला सोपी, पण तिच्यातल्या लोलकांवर खास थर चढवावा लागतो आणि तो नसेल तर चित्र मऊ, फिकट पडतं. लोलकांची काच चांगल्या प्रतीची, म्हणजे बॅक-४ आहे का ते तपासायचं तर मघाचाच उजळ ठिपका बघा. तो पूर्ण गोल असावा. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर काच कमी प्रतीची. भिंगांवर हिरवट-जांभळी झाक हवी. दिव्याचं पांढरं प्रतिबिंब लख्ख दिसलं तर थर नाही, असं समजा. आणि दूरच्या एखाद्या टॉवरची उभी कड दोन मिनिटं बघा. डोळे ताणल्यासारखे वाटले किंवा कड दुहेरी दिसली, तर दोन नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण फुकटही नको. हे सगळं दुकानात जमलं नाही तर बीएनएचएसच्या एखाद्या निसर्गभ्रमंतीला जा. तिथे पक्षीनिरीक्षक आपली दुर्बीण हौसेने हातात देतात आणि तिच्याविषयी न विचारताही सांगतात.

आता रात्र. अंधार पडल्यावर उद्यान तुमच्यासाठी बंद असतं. परवानगीशिवाय आत असणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग आहे. त्यामुळे उपनगरी माणसाचं रात्रीचं पाहणं म्हणजे जंगलाला लागून असलेल्या इमारतींच्या गच्च्या, बाल्कन्या आणि मुलुंड, पवई, आरे इथल्या कडा. तिथून पिंगळा, वटवाघळं, उदमांजर दिसतं, आणि नशीब असेल तर कुंपणाच्या भिंतीवरून चालणारा बिबट्या.

पहिलं उपकरण तुमचाच डोळा आहे. अंधाराला पूर्ण सरावायला त्याला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती कमाई जाते. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, म्हणून वस्तूकडे थेट न बघता जरा बाजूला बघा, ती जास्त स्पष्ट होते. एवढं पाळून ८×४२ लावलीत तर शहराच्या उजेडात आश्चर्य वाटावं इतकं दिसतं. पैसे त्यापुढे खर्च करायचे.

पुढे तीन वेगवेगळी यंत्रं ‘नाईट व्हिजन’ या एकाच नावाने विकली जातात. पहिलं प्रकाश वाढवणारं. तुटपुंजा प्रकाश एका संवेदनशील पडद्यावर पडतो, तिथून इलेक्ट्रॉन सुटतात, सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून जाताना ते हजारो पटींनी वाढतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर हिरवं किंवा पांढुरकं चित्र उमटतं. मुंबईत त्याला एक अनपेक्षित फायदा मिळतो. पावसाळी ढग शहराचा उजेड खाली परतवतात आणि चंद्र नसतानाही त्याला खाद्य मिळतं. पण रस्त्यावरचा एखादा दिवा चित्रात आला की बाकी सगळं फिकं पडतं. उत्तम प्रतीच्या ट्यूब लाखांत जातात आणि अमेरिकेतून त्या बाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो. हौशी माणसाने हा नाद सोडावा.

दुसरं डिजिटल, काही हजारांत मिळणारं. हा मुळात कॅमेराच, सोबत अदृश्य इन्फ्रारेड दिवा. दिवा ८५० नॅनोमीटरचा असेल तर अंधारात फिकट लाल ठिणगी दिसते आणि तो लांब पोचतो. ९४० चा पूर्ण अदृश्य असतो, पण कॅमेऱ्याचा सेन्सर त्या प्रकाशाला कमी दाद देतो, म्हणून पल्ला आखूड. बाल्कनीची काच बंद ठेवून हा वापरलात तर दिवा काचेवरून उलटा येतो आणि पडद्यावर फक्त पांढरा गोळा दिसतो. समोर जवळच एखादं पान असेल किंवा पावसाची झड असेल, तरी तेच.

तिसरं थर्मल. हे प्रकाश बघतच नाही, ८ ते १४ मायक्रॉन लहरींतली उष्णता बघतं. त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं, कारण साधी काच ही उष्णता अडवते. म्हणून बंद खिडकीतून थर्मलने बाहेरचं काहीच दिसत नाही. काळ्याकुट्ट अंधारात झुडपामागचा गरम ठिपका पकडण्यात मात्र त्याचा हात कुणी धरणार नाही. अट एकच, भोवताल थंड हवा. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेले खडक आणि काँक्रीटच्या भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता टाकत राहतात, त्यात प्राणी विरघळून जातो. त्या दिवसांत थर्मल वापरायचा तर पहाटे. आणि थर्मलमध्ये बिबट्या पांढरा आकार म्हणून दिसतो, त्याच्या अंगावरचे ठिपके दिसत नाहीत.

हे ठिपकेच महत्त्वाचे असतात. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची रचना वेगळी, डावी आणि उजवी कूसही वेगळी. म्हणून गणना करणारे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरा ट्रॅप बांधतात. हलत्या गरम शरीराची चाहूल घेणारा सेन्सर कॅमेरा चालू करतो आणि एका फेरीत दोन्ही कुशी टिपल्या जातात. २०१५ मध्ये याच पद्धतीने राष्ट्रीय उद्यान आणि लगतच्या भागांत ३५ बिबटे ओळखले गेले. इतकं महागडं यंत्र हातात घेऊन रात्र जागवण्यापेक्षा झाडाला बांधलेला मुका डबा अधिक सांगतो. सरकारी जंगलात मात्र तो आपण बांधायचा नसतो, तिथे वनखात्याची परवानगी लागते.

बाल्कनीतून बिबट्याच्या डोळ्यांवर टॉर्च रोखू नका. त्याच्या डोळ्यामागचा परावर्तक थर प्रकाश परत फेकतो म्हणून ते चमकतात, पण त्या क्षणी तो आंधळा होतो आणि खाली लोक जमले असतील तर बिथरतो. वस्तीत अडकलेला दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा. दुर्बीण समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे वळू देऊ नका, बाईच्या खाजगी क्षणांवर चोरून नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. विमानतळाच्या कुंपणाजवळ आणि तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राच्या बाजूलाही ती बॅगेतच बरी.

राहिली निगा, आणि आपल्या हवेत तिच्यावरच दुर्बिणीचं आयुष्य ठरतं. जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी धरते. नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीत ती आत शिरत नाही, बाहेरच्या भिंगावर धरू शकते. बरोबर मिळालेली चामड्याची किंवा कापडी पिशवी ओल धरून ठेवते, ती कपाटात नको. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरे. रंग बदलणारी जेल घ्या, म्हणजे कधी वाळवायची ते कळतं. एसी गाडीतून आरेत उतरलात की भिंगं लगेच धुरकटतात. ती पुसू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. खाडीवरून परतल्यावर आधी फुंकणीने धूळ आणि मिठाचे कण उडवा, मगच मऊ फडकं लावा. शर्टाच्या टोकाने पुसलंत तर तेच मीठ भिंगावरचा थर खरवडतं. जुनी दुर्बीण घेत असाल तर पुढच्या भिंगातून आत टॉर्च मारा आणि मागून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दुरुस्तीत भिंगं साफ होतात, पण थरावर उमटलेले तिचे ओरखडे जात नाहीत.