पाळणा आणि पाळणेवाला

महाशिवरात्र जवळ आली की अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या वाटेवर मालट्रक दिसू लागतात. ताडपत्रीखाली लोखंडाचे पाय, वाकवलेले पाइप, रंग उडालेले पाळणे, तेलकट गोणपाटात बांधलेले नट-बोल्ट आणि सगळ्यात वर गाद्या-भांड्यांसकट बसलेली माणसं. रात्रीत माल उतरतो. दोन-तीन दिवसांत मैदानावर आकाशपाळणा उभा राहतो. जत्रा सरली की तेवढ्याच चपळाईने तो उकलला जातो आणि पुढच्या गावाला निघतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या पोरांनी आभाळातून आपलं गाव पहिल्यांदा पाहिलं असेल तर बहुधा याच पाळण्यातून.

मोठमोठी मनोरंजन उद्यानं आपली जुनी खेळणी जपावीत की मोडीत काढावीत, यावर जगभर वाद चालतो. आपल्याकडे हा प्रश्न सोडवायचा असेल तर सुरुवात या पाळण्यापासून करावी. त्याला कुणी मुद्दाम जपलेलं नाही, तरी तो टिकून आहे.

यंत्र म्हणून पाळणा साधा आहे. दोन बाजूंना उभे पाय, त्यावर आडवा आस, आसाभोवती तुंबा, तुंब्यातून फुटलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांना सैल टांगलेले पाळणे. टांगणी सैल असल्यामुळे चाक कसंही फिरलं तरी बैठक स्वतःच्या वजनाने सरळ राहते. एका कडेला डिझेल इंजिन किंवा मोटर. तिची ओढ पट्ट्याने किंवा दोराने चाकाच्या घेराला मिळते. घेराजवळ ओढ दिली की कमी ताकदीत जड चाक हलतं, म्हणून एवढंसं इंजिन पन्नास माणसांना वर नेऊ शकतं.

खरी मेख उभारणीत आहे. मैदान दरवर्षी तेच असलं तरी जमीन तीच राहत नाही. कुठे भराव टाकलेला असतो, कुठे पाणी मुरलेलं. पायांखाली लाकडी ठोकळे घालून, ओळंबा लावून आस अगदी आडवा करून घ्यावा लागतो. तो कलला तर एका बाजूच्या बेअरिंगवर जास्त भार येतो. बोल्ट आवळल्यावर खीळ घालायची, खीळ घातल्यावर तिचं टोक वाकवायचं, कारण सतत हादरणाऱ्या यंत्रात आवळलेला नट स्वतःहून सुटत जातो. मग रिकामं चाक फिरवून आवाज ऐकायचा. मुरलेला पाळणेवाला कुरकुरीवरून सांगतो की वंगण कमी पडलं की काही वाकलंय.

माणसं बसवण्याचंही शास्त्र आहे. पाळण्याजवळ उभं राहून पाहिलं तर कळतं की बसवणारा ओळीने पाळणे भरत नाही. एक भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो. जाडजूड काका इकडे बसले तर तिकडे दोन आयांना पोरांसकट बसवतो. सगळं वजन एका अंगाला आलं तर चाक थांबवणं ब्रेकला जड जातं. हा हिशेब कुठल्याही फलकावर लिहिलेला नसतो. नजरेने वजन जोखणं हीच त्याची पदवी.

पाळणा इंजिनापेक्षा फार जुना आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1620 मध्ये उस्मानी साम्राज्यातल्या, आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात हाताने फिरवायचे लाकडी पाळणे पाहून नोंद केली होती. आपल्याकडच्या लहान जत्रांतून लाकडी रहाटपाळणा अलीकडेपर्यंत फिरला. कुठे दोन गडी हाताने ढकलत, कुठे चपळ पोरं आऱ्यांवर चढून स्वतःच्या वजनाने चाक खाली आणत. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने 264 फूट उंचीचं पोलादी चाक उभारलं आणि 36 डब्यांतून एका वेळी 2160 माणसं फिरवली. ते चाक 1906 मध्ये सुरुंग लावून पाडलं आणि भंगारात विकलं. जगातलं सर्वांत नावाजलेलं चाक तेरा वर्षांत संपलं. रहाटपाळणा मात्र चालत राहिला.

पाळण्याच्या शेजारी, जागा आणि परवाना मिळाला तर, मौत का कुआँ. फळ्यांच्या गोल उभ्या भिंतीवर मोटरसायकल आडवी होऊन धावते आणि वरच्या कठड्यावरचे लोक नोटा पुढे करतात. गणित मांडून पाहावं. विहिरीचा व्यास दहा मीटर धरला आणि टायर-फळीचं घर्षण बरं असलं, तर खाली न घसरण्यासाठी ताशी तेहतीस-चौतीस किलोमीटर तरी वेग हवा. ताशी चाळीसला भिंत स्वाराला त्याच्या वजनाच्या अडीचपट जोराने रेटते. अशा वेळी तो हँडल सोडून हात पसरतो. त्याच्या बुडाखाली बहुतेकदा येझदी किंवा यामाहा आरएक्स 100 असते. या दोन्ही जुन्या गाड्यांचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. विहिरीतली मोटार म्हणजे मारुती 800. तीही 2014 पासून कारखान्यातून निघत नाही. रस्त्यावरून गेलेल्या गाड्या इथे रोज कामावर आहेत. त्यांचे सुटे भाग शोधणारे, घडवणारे, जुळवणारे हात या धंद्याने सांभाळले.

आता समोरच्या मंदिराकडे पाहू. शिलाहारांचं हे शिवालय. शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे आणि शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे. परिसर सुशोभित करण्याचं कामही हाती घेतलेलं आहे. दगडाला संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. पण त्या दगडाभोवती दरवर्षी भरणाऱ्या जत्रेला कुठलंच संरक्षण नाही. मोकळी जागा आक्रसते आहे, इमारती जवळ आल्या आहेत. पाळण्याला लागतं ते पटांगण आणि ट्रक वळण्याएवढी वाट. सुशोभीकरणाच्या नकाशात या दोन गोष्टी सहज राहून जाऊ शकतात.

फिरत्या पाळण्याच्या उलट उदाहरण कायमच्या उद्यानांचं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं. बदलापूरच्या शाळेतल्या मुलांसाठी ती सहल म्हणजे दिवसभराची मोहीम होती: पहाटे उठणं, मुंबई ओलांडणं, खाडीतली बोट, डब्यातली बटाट्याची भाजी आणि परतताना झोपलेली अख्खी गाडी. टाळेबंदीनंतर थोडा काळ उघडून 2022 मध्ये ते बंद झालं, तेव्हा पस्तिशी-चाळिशीतले लोक हळहळले. दिल्लीचं अप्पू घर 1984 ते 2008 एवढंच जगलं. तिथेही तीच हळहळ.

ही हळहळ खरी आहे, पण खेळण्यांना वाचवायला ती पुरेशी आहे का? एस्सेलवर्ल्डची बहुतेक खेळणी कारखान्यात बनलेल्या ठरावीक नमुन्याची होती. तशीच इतर देशांत होती आणि आजही विकत मिळतात. लोकांना हवी आहे ती सहल, बोट आणि दहा वर्षांचं वय. यातलं काहीही गंजलेल्या लोखंडात साठवता येत नाही. खालापूरजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकाने हे ओळखलं आणि 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’वर नवं कोरं खेळणं उभं केलं. आठवण जुनी, यंत्र नवं. धंद्याच्या दृष्टीने तो शहाणपणा आहे.

मग जपावं असं काहीच नाही का? आहे. कोपनहेगनच्या तिवोली बागेत 1914 ची लाकडी घसरगाडी अजून चालते. तिच्यात ब्रेक लावणारा माणूस गाडीवरच बसलेला असतो. उतारावर वेग किती ठेवायचा हे तो ठरवतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची 1927 ची सायक्लोन ही घसरगाडी शहराने 1988 मध्ये वारसा म्हणून जाहीर केली आणि ती चालूही ठेवली. व्हिएन्नाचं 1897 चं चाक महायुद्धात जळालं. 1947 मध्ये पुन्हा फिरलं तेव्हा भार हलका राहावा म्हणून तीसऐवजी पंधराच डबे लावले. याउलट इंग्लंडमधल्या मार्गेटची 1920 ची घसरगाडी संरक्षित यादीत असूनही 2008 च्या आगीत जळाली आणि 2015 पर्यंत बंद राहिली. यादीत नाव घातलं म्हणून यंत्र वाचत नाही. ते रोज तपासणारा, चालवणारा माणूस असेल तरच वाचतं.

याचा आपल्या लाइनवरचा पुरावा बदलापूरच्या पुढे, वांगणी-शेलू ओलांडून नेरळला उभा आहे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये खर्चून बांधलेली नेरळ-माथेरान गाडी 1907 मध्ये सुरू झाली. दोन फुटी रूळ, सुमारे एकवीस किलोमीटर वाट, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट चढ. पीरभॉयांनी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोप्पेल कारखान्यातून वाफेची इंजिनं आणली. तीक्ष्ण वळणांवर त्यांचे कडेचे आस बाजूला सरकत. ती इंजिनं गेली, डिझेल आलं. 26 जुलै 2005 च्या पावसात मार्ग वाहून गेला आणि गाडी 2007 पर्यंत बंद राहिली. 2016 मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा बंद. मग डब्यांना एअर ब्रेक आले, दरीच्या कडेला कठडे आले आणि 2018 मध्ये ती नेरळहून वर गेली. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली त्या 2019 च्या पावसाळ्याने रूळ पुन्हा उखडले. ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा सुरुवात.

या गाडीत मूळचं काय राहिलं? वाफ गेली, ब्रेक बदलले, मार्गाची डागडुजी झाली. राहिली ती वाट, रुळांची रुंदी, तो चढ आणि त्या घाटात गाडी चालवण्याचं ज्ञान. तरीही ती माथेरानची राणीच वाटते. जपणूक म्हणजे काय बदलू द्यायचं आणि काय नाही याचा निर्णय. तो न घेता नुसतं ‘जुनं ते सोनं’ म्हटलं तर एक दिवस अपघात होतो आणि मग सगळंच बंद करण्याची मागणी येते.

अपघातांचा मुद्दा टाळून चालणार नाही. अहमदाबादच्या कांकरियात 14 जुलै 2019 रोजी झोके घेणारं खेळणं तुटून दोघांचा जीव गेला. मोहालीच्या जत्रेत सप्टेंबर 2022 मध्ये माणसांनी भरलेली बैठक मनोऱ्यावरून खाली आदळली. ही दोन्ही खेळणी आजोबांच्या काळातली नव्हती. नवेपणाने सुरक्षितता मिळत नाही आणि जुनेपणाने धोका ठरत नाही. तपासणी झाली की नाही हाच प्रश्न. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक 15475 आहे. पण दर आठवड्याला उकलून नव्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या पाळण्यासाठी एकदाच मिळालेला कागद पुरेसा नाही. तपासणी प्रत्येक उभारणीनंतर हवी, आणि ती करणाऱ्याला ओळंबा आणि कुरकुर दोन्ही कळायला हवं.

वस्तू हाती नसताना वारसा कसा टिकतो, हे उल्हासनगरला सांगायला नको. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना फारसं काही सोबत आणता आलं नव्हतं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंधी नववर्षाची, चेटीचंडची मिरवणूक आजही निघते, कारण ती दरवर्षी काढली गेली. करत राहिलं की टिकतं. पाळण्याचंही तसंच आहे.

म्हणून निवाडा असा. ज्या खेळण्यात फक्त आपलं बालपण अडकलेलं आहे, त्याचा फोटो ठेवावा आणि लोखंड जाऊ द्यावं. ज्यात एखादं कसब अडकलेलं आहे, जे बंद पडलं तर करणारा माणूस संपेल, ते जपावं. तेही काचेत न ठेवता, तिकीट लावून, तपासून, चालवून. या कसोटीवर एस्सेलवर्ल्डची घसरगाडी नापास होते. माथेरानची गाडी, मौत का कुआँ आणि आकाशपाळणा पास होतात.

अंबरनाथला हे करणं अवघड नाही. हे गाव यंत्रं घडवणारं आहे. इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, एमआयडीसी आहे आणि नावाजलेली सरकारी आयटीआय आहे. जत्रेच्या आधीचे दोन दिवस आयटीआयच्या फिटर-वेल्डरच्या पोरांना निदेशकांसोबत मैदानावर पाठवावं. त्यांनी पाळणेवाल्याकडून उभारणी शिकावी, पाळणेवाल्याने त्यांच्याकडून वेल्डची तडा-तपासणी आणि नोंदवही ठेवणं शिकावं. नगरपालिकेने मंदिर परिसराच्या आराखड्यात जत्रेचं पटांगण आणि ट्रकची वाट आखून राखून ठेवावी. खर्च नगण्य आहे. आणि वाचकांनी एवढंच करावं: पुढच्या महाशिवरात्रीला दर्शन झालं की पोरांना मोबाइलवरून उठवून पाळण्यात बसवावं, आणि बसण्याआधी पाळणेवाल्याला विचारावं, ‘‘दादा, आज खिळी तपासल्या का?’’