पालथा घातलेला तलाव

मे महिन्याच्या दुपारी मूर्तिजापूरच्या आसपास एखाद्या रिकाम्या वावरात उभे राहा आणि पायाखाली बघा. जमीन फाटलेली असते. भेगा अशा की हातातली बैल हाकायची तुतारी उभी सोडली तर अर्धी गडप व्हावी. आता ऑगस्टमध्ये त्याच जागी परत या. भेग शोधूनही सापडायची नाही. कोणी बुजवली? कोणीच नाही. मातीच फुगली आणि तिने स्वतःला शिवून टाकले. सगळे वऱ्हाड, मैलोन्‌मैल, वर्षातून एकदा छाती फुगवते आणि एकदा श्वास सोडते.

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, ही जमीन मानवते. पण हिच्यावर रस्ता बांधायचा असेल तर? श्वास घेणाऱ्या छातीवर काचेची बशी ठेवून ती फुटू द्यायची नाही, तसे हे काम आहे.

ही माती किती फुगते ते बघण्याची एक साधी चाचणी रस्त्याच्या प्रयोगशाळेत रोज चालते. काचेच्या दोन उंच नळ्या घ्यायच्या. दोन्हींत चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम टाकायची. एकीत पाणी ओतायचे, दुसरीत चक्क रॉकेल. चोवीस तासांनी बघायचे. रॉकेलमधली माती होती तेवढीच असते. पाण्यातली मात्र वर चढलेली असते, कधीकधी दीडपट, दुप्पट. रॉकेल का? कारण ही माती पाण्यालाच भुलते, रॉकेलला दाद देत नाही. तिचे कण एकावर एक रचलेल्या वहीच्या पानांसारखे असतात, आणि पाणी त्या पानांमध्ये शिरून पाने एकमेकांपासून दूर ढकलते. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पानांची ही हालचाल, पण तिच्याने घराच्या भिंतीला तडा जातो आणि डांबर लाटेसारखे उठते. फरक पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त निघाला की नियम सांगतो, ही माती रस्त्याच्या भरावात घालायची नाही. वऱ्हाडातली बरीचशी काळी माती या परीक्षेत नापास होते.

मग काय घालायचे? मुरूम.

इथे मला दर वेळी थांबावेसे वाटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, थंड झाले. त्या कातळाचा जो भाग अजून धडधाकट आहे तो फोडला की गिट्टी होते. जो अर्धवट झिजला, कुजला, तो मुरूम. आणि जो पार विरघळून गेला ती काळी माती. म्हणजे जिच्यावर रस्ता टिकत नाही ती माती, तिच्यावर घालायचा मुरूम आणि सगळ्यात वरची गिट्टी ही एकाच आईची तीन लेकरे! अमरावतीहून अकोल्याला जाताना तुमच्या चाकाखाली एकच लाव्हा तीन वेगवेगळ्या वयांत पडलेला असतो.

याच पट्ट्यात जून २०२२ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात राजपथ इन्फ्राकॉन या पुण्याच्या कंपनीने एका मार्गिकेचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला. ३ जूनच्या सकाळी सुरू, ७ जूनच्या संध्याकाळी पूर्ण. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५.२७५ किलोमीटर, आणि त्याला दहा दिवस लागले होते. इथे ७२० माणसे दिवसरात्र राबली. ३६,६३४ टन मिश्रण पडले, त्यात डांबर फक्त २,०७० टन. म्हणजे ज्याला आपण डांबरी रस्ता म्हणतो त्यात शंभरातले साडेपाच-पावणेसहा भागच डांबर, बाकी सगळा दगड!

भागाकार करून बघा. मिनिटाला सुमारे बारा मीटर रस्ता. रमतगमत चालणाऱ्या आजोबांपेक्षाही हळू. पण ही चाल साडेचार दिवस थांबलीच नाही. तासाला साधारण साडेतीनशे टन गरम माल हवा, म्हणजे पंचवीस टनांची गाडी धरली तर दर चार-साडेचार मिनिटांनी एक गाडी यंत्रापुढे उलटी व्हायला हवी, रात्री तीन वाजतासुद्धा. माल दीडशे अंशांच्या आसपास तापलेला. उशीर झाला की तो निवतो, आणि निवलेला माल रोलरखाली दबत नाही. लग्नाच्या पंगतीत गरम पोळीचा घाणा तुटू द्यायचा नाही, तसे हे. मात्र ती पंगत ७५ किलोमीटर लांब होती.

विक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण तो होता सगळ्यात वरच्या थराचा, जेमतेम दोनेक इंचांचा. मला खरे नवल वाटते ते त्याच्या खालच्या भरावाचे, ज्याच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. कारण रस्ता बांधणाऱ्या कंपनीचा नफा आणि गावाचे भले यांचे भांडण किंवा सोयरीक, दोन्ही तिथेच ठरते.

चला, हिशेब करू. चौपदरी रस्त्याचा भराव माथ्यावर २५ मीटर रुंद आणि २ मीटर उंच धरा, दोन्ही बाजूंना उतार द्या. एका मीटर लांबीला ५८ घनमीटर भरती लागेल. किलोमीटरला ५८ हजार घनमीटर. दाबल्यावर ती बसते, म्हणजे खरे तर आणखी थोडी. दहा चाकी टिपरला आपल्याकडे सगळे ‘हायवा’च म्हणतात. एका हायवात पंधरा घनमीटर मावतात असे धरले तर एका किलोमीटरसाठी जवळजवळ चार हजार खेपा होतात.

आता मुरुमाची टेकडी वीस किलोमीटर दूर आहे असे समजा. जाऊन येऊन चाळीस. चार हजार खेपांचे झाले एक लाख साठ हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार. एक किलोमीटर रस्त्यासाठी गाड्यांनी पृथ्वीला चार प्रदक्षिणा घातल्या! लिटरला तीन किलोमीटर धरले तर पन्नास हजारांवर लिटर डिझेल त्या प्रदक्षिणांत जळून गेले.

तोच मुरूम तीन किलोमीटरवर मिळाला तर? आठ हजार लिटरमध्ये काम भागते. लिटरला नव्वद रुपये धरले तर एका किलोमीटरमागे चाळीस लाखांच्या आसपास वाचतात. कंपनीचा नफा कुठे असतो, याचे हे फार सरळ उत्तर आहे. खड्डा किती जवळ आहे, यात.

आणि खड्डा तर पडणारच आहे. रस्ता उंच होतो तेवढी जमीन कुठेतरी खोल होते, याला इलाज नाही. मग तो खड्डा गावाला हवा असलेल्या जागी का पाडू नये? गाळाने भरलेला पाझर तलाव, उथळ झालेला नाला, कोरडे पडलेले गावतळे. वरचा गाळ शेतकऱ्यांनी वावरात न्यायचा, खालचा मुरूम कंपनीने रस्त्याला न्यायचा आणि उरलेला खोलगटपणा गावाने ठेवून घ्यायचा. यात कोणी कोणावर उपकार केले? कोणीच नाही. कंपनीला माल जवळ मिळाला, आणि जे खोदकाम करायला ग्रामपंचायतीकडे पैसे नव्हते ते झाले. सरकारनेही अशा कामांत स्वामित्वधनाची सवलत दिली. शेजारच्या जिल्ह्यात हे मोठ्या प्रमाणावर झाले आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गाजले. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर तळी खोदली गेली आणि त्यातून निघालेला माल महामार्गाला गेला.

२४ एप्रिल २०२२ रोजी देशात अमृत सरोवर मोहीम सुरू झाली. त्यातल्या एका तळ्याचे किमान माप आहे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. आपला मघाचा आकडा आठवा: किलोमीटरला ५८ हजार. म्हणजे रस्त्याच्या एका किलोमीटरच्या पोटात अशी सहा तळी असतात! रस्ता म्हणजे पालथा घातलेला तलाव, असे मला वाटते ते यामुळे.

एक कोटी लिटरने होते काय? कोरडवाहू तुरीला किंवा हरभऱ्याला ऐन फुलोऱ्यात पाच सेंटीमीटरचे एक ओलित द्यायचे तर हेक्टरी पाच लाख लिटर लागतात. उन्हाने उडून जाणारे पाणी आणि झिरपा वगळूनही तीस-चाळीस एकरांना एक पाणी मिळते. ज्यांनी डिसेंबरात आभाळाकडे बघत दिवस काढले आहेत त्यांना या एका पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पण वऱ्हाडातले खरे आश्चर्य अजून पुढेच आहे. पातूर, बार्शीटाकळीकडे मुरुमाची जमीन आहे. तिथे तलाव खोल केला की पाणी खाली झिरपते आणि आजूबाजूच्या विहिरी भरतात. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र सगळे उलटे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली ८९४ गावे खारपाणपट्ट्यात येतात. तिथे विहीर खोदली तर खारे पाणी लागते, पिकाला चालत नाही, माणसाला पिववत नाही. त्या मातीत सोडियम भरलेले. असे मातीचे कण पाण्यात सुटे होतात आणि छिद्रांत जाऊन बसतात. म्हणून पाऊस जिरत नाही, पीक पिवळे पडते, रस्ता फुगतो. म्हणजे या मातीचा सगळ्यांनाच त्रास. पण तळे खोदून बघा! पहिल्या सरींत भेगा भरतात, मग फुगून मिटतात, कण छिद्रे बुजवतात, आणि तळाला प्लॅस्टिकचा कागद न घालताही पाणी टिकून राहते. जो गुण रस्ता मोडतो तोच तळे राखतो. फक्त फार खोल जायचे नाही, नाहीतर खालचे खारे पाणी वर भेटायला येते.

अशा तळ्यातली काळी माती भरावाला चालत नाही, हे मात्र खरे. तिच्यावर एक जुना उपाय आहे, चुना. चुन्यातले कॅल्शियम मातीच्या कणांना असे धरून ठेवते की त्यांचे फुगणे थांबत जाते. खारपाणपट्ट्यातले शेतकरी वावरात जिप्सम टाकतात ते त्यातल्या कॅल्शियमसाठीच. सोडियमला बाहेर काढून तिथे कॅल्शियम बसते आणि माती मोकळी होते. रस्त्याचा अभियंता आणि पऱ्हाटीचा शेतकरी एकाच मातीला एकच औषध देतात, आणि दोघांना एकमेकांचे माहीतही नसते!

बाळापूरजवळच्या पारस वीज केंद्रातून निघणारी राखही मुरुमाऐवजी भरावात घालता येते. २०२१ च्या अखेरच्या अधिसूचनेनंतर औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्ते बांधणाऱ्यांनी भरावात राख वापरणे बंधनकारक झाले. जेवढी राख भरावात गेली तेवढा मुरूम टेकडीत राहिला.

सगळे इतके जुळून येते तर प्रत्येक कंपनी असे का करत नाही? कारण टेकडी एका जागी उभी असते. सौदा एकाच मालकाशी, मोजमाप सोपे, काम झटपट. तळ्यासाठी ग्रामसभा घ्यावी लागते, जागा मोजावी लागते, आणि तळाचा माल चाचणीत पास व्हावा लागतो. शिवाय खड्डा जवळ असला म्हणजे तो चांगला असतो असेही नाही. उभ्या कडा ठेवून सोडलेला खोल खड्डा पहिल्या पावसाने भरतो आणि त्यात गावातली पोरे पोहायला उतरतात. अशा खड्ड्यांनी मुले गिळल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्याच खड्ड्याला चढता उतार, पाणी आत यायला वाट आणि जास्तीचे पाणी जायला सांडवा दिला तर तो तलाव होतो. हे करायला यंत्राचे थोडेच तास जास्त लागतात. खड्ड्याचे अंतर कंपनी ठरवणारच, पण त्याचा आकार पहिली खेप निघायच्या आधी गावाने कागदावर घेतला पाहिजे. गाड्या निघून गेल्यावर कोणी परत येत नाही. हे मी फार आग्रहाने म्हणतो.

आणि झाडे. अमरावती-अकोला रस्त्यावरचे जुने कडुनिंब, चिंचा रुंदीकरणात गेल्या. त्यांच्या बदल्यात लावलेल्या रोपांची सावली आपल्या पिढीला मिळणार नाही. त्याची भरपाई एकाही हिशेबात बसत नाही, आणि ती बसते असे मी कोणाला सांगणार नाही.

त्या विक्रमाची तारीख मात्र मनातून जात नाही. ७ जून. सात-आठ जूनला मृग लागतो. ओल्या पृष्ठभागावर डांबर पडत नाही, म्हणून रस्तेवाल्यांना मृगाच्या आत हात आवरावा लागतो. पाणी साठायच्या आधी तळे तयार हवे, म्हणून खोदणाऱ्यांनाही मृगाच्या आतच. आणि वखरलेले वावर घेऊन शेतकरी तर मृगाचीच वाट बघत असतो. त्या संध्याकाळी शेवटचा रोलर फिरून थांबला तेव्हा शेजारच्या वावरांत भेगा अजून उघड्याच होत्या, पहिल्या पावसाची वाट बघत.